काळा कोन आणि दहा गुंठे



२०१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या मॉर्गनस्टर्न या आइस्क्रीमच्या दुकानातला एक कोन जगभर गाजला. चव नारळाची, पण रंग तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट. नारळाच्या करवंटीचा कोळसा त्यात मिसळलेला. लोक कोन हातात आला की आधी फोटो काढायचे, मग चाटायचे. जीभ, ओठ, दात काळे झाले की त्यांचा आणखी एक फोटो. पाहता पाहता काळा बर्गर आला, काळा पिझ्झा आला, काळं लिंबू सरबतसुद्धा आलं. सोबत 'डीटॉक्स'चा बोलबाला सुरू झाला; म्हणे, कोळसा शरीरातली विषं बाहेर काढतो.

हा दावा अगदीच हवेतला नव्हता, म्हणून तर तो खपला. करवंटीचा कोळसा प्रचंड तापवून त्यावर वाफ सोडली की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. हाच ॲक्टिव्हेटेड चारकोल. त्याच्या एका ग्रॅममधल्या साऱ्या छिद्रांचा आतला पृष्ठभाग मोजला, तर तो हजार चौरस मीटरच्या घरात जातो. चिमूटभर भुकटीत दहा गुंठे जमीन! एवढ्या जागेवर कितीतरी रसायनं चिकटून बसतात. म्हणून काही प्रकारच्या विषबाधेत रुग्ण तासाभरात रुग्णालयात पोचला, तर डॉक्टर पन्नासेक ग्रॅम कोळसा पाण्यात कालवून देतात. सगळ्याच विषांवर त्याची मात्रा चालत नाही. लोह, लिथियम, दारू यांना तो फारसा धरतच नाही.

खरी मेख पुढेच आहे. कोळशाला आपलं-परकं कळत नाही. पोटात विष असेल तर विष धरेल, फिट्सची किंवा हृदयाची गोळी असेल तर तीही धरून ठेवेल. गोळी रक्तात उतरायच्या आधीच वाया! आणि रोजची घाण उपसायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं मुकाट्याने करत असतातच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची अन्नात कोळसा घालायला परवानगी नाही. त्या नियमावर बोट ठेवून न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये ही काळी खाद्ययात्रा रोखली. युरोपात मात्र वनस्पतिजन्य कोळसा खाद्यरंग म्हणून चालतो.

मग हे पसरलं कशामुळे? चवीमुळे नाही, आणि माझ्या मते डीटॉक्समुळेही नाही. मोबाइलवर सरकणारं बोट त्या काळ्या रंगापाशी थबकलं, आणि नक्कल करायला काही कष्ट नव्हते. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये 'मीम'ची कल्पना मांडली, तीच मुळी नकलेतून माणसामाणसांत पसरणाऱ्या गोष्टींसाठी. इंटरनेट तेव्हा कुणाच्या घरात होतं?

आपल्याकडे हा प्रकार २१ सप्टेंबर १९९५ रोजी साध्या फोनवर घडून गेला आहे. दिल्लीतल्या एका देवळात गणपती दूध पितो, ही बातमी पहाटे निघाली आणि त्याच दिवशी लंडनमधल्या साउथॉलच्या देवळापर्यंत पोचली. करून पाहायला काय हवं? वाटीभर दूध आणि एक चमचा. शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवला. चमचा मूर्तीला टेकताच पृष्ठताणामुळे दूध ओढलं गेलं, आणि एरवी पांढऱ्या दगडावर न दिसणारा पातळ ओघळ आता रंगीत होऊन खाली उतरताना दिसला. बातमी सांगायला लोकांनी नातेवाइकांना एसटीडी लावले होते. खुलासा सांगायला कुणी कुणाला फोन केल्याचं ऐकिवात नाही.

काळंच काही खायची हौस असेल तर कारळ्याची चटणी आहे, काळे तीळ आहेत. फोटोत दिसायलाही वाईट नाहीत. पण कोळशाचा कोन समोर आलाच आणि तुमची एखादी गोळी रोज चालू असेल, गर्भनिरोधक गोळीसुद्धा त्यात आली, तर आधी डॉक्टरांना विचारा.