पावसात ब्रेक का लागत नाही?



भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई म्हटले की हिरव्या मिरचीचा बाजार डोळ्यांपुढे येतो. या मिरचीचा आणि पावसाचा हंगाम एकच. तोडलेला माल घरात ठेवून चालत नाही. पाऊस लागलेला असला तरी पोती पिकअपमध्ये टाकून बाजार गाठावा लागतो. आणि त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची मुले पायी जात असतात. अशा वेळी चालक म्हणतो, “पावसात ब्रेकच लागत नाही हो!” ऐकणारा म्हणतो, “पावसात असंच व्हायचं.”

मंडळी, हे ‘असंच व्हायचं’ फार घातक आहे. कारण एकाच तक्रारीच्या पोटात तीन वेगवेगळी दुखणी असतात, आणि तिन्हींचा उपाय निराळा आहे.

पहिले दुखणे ब्रेकचे नव्हेच, ते टायरचे. ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचे थांबले आणि तरीही गाडी घसरत गेली, तर ब्रेकने आपले काम केले. जमिनीवरची पकड सुटली ती टायरची. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने डांबरावर काळी माती आणून टाकलेली असते, तिच्यावर दोन थेंब पडले की रस्ता साबणासारखा होतो. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात, साधारण 1.6 मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलायलाच हवा. दुसरा उपाय वेगाचा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात, सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते.

दुसरे दुखणे पाण्याचे. पुष्कळशा पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. डिस्क उघडी असल्याने तिच्यावरचे पाणी लवकर झटकले जाते. ड्रमचे तसे नाही. ओढ्याच्या फरशीवरच्या पाण्यातून गाडी काढली, की ड्रममध्ये शिरलेले पाणी आतच राहते. लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा बसतो आणि ब्रेक धरीत नाही. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कोणी नाही असे पाहावे, गाडी हळू चालवावी आणि ब्रेक हलकेच पाच-सात वेळा दाबावा. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात आणि पकड परत येते. पकड आली याची खात्री झाल्याखेरीज वेग वाढवू नये. आणि फरशीवरून पाणी जोरात वाहत असेल, तर गाडी घालूच नये.

गाडी सुकली, रस्ता कोरडा झाला, तरी ब्रेक हलकाच लागतो? मग हे तिसरे दुखणे. दोष आत आहे आणि पावसाने तो फक्त उघडा पाडला. इथे पायाला विचारावे. पेडल स्पंजासारखे मऊ लागले आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर कडक झाले, तर बहुधा नळीत हवा शिरली आहे. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर निकामी झाला आहे. पेडल दगडासारखे कडक आणि गाडी थांबत नाही, तर ब्रेक बूस्टर पाहावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर चालू आहे. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढत असेल, तर डावे चाक धरते आहे आणि दोष बहुधा उजव्या बाजूला आहे.

आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याने एकाच पावसाळ्यात दोनदा लायनर बदलले. ब्रेक होता तसाच. खरा दोष मागच्या एका चाकाच्या सिलिंडरमध्ये होता. तिथून ब्रेक ऑईल झिरपून नवे लायनरही भिजत होते. पावसात चारही चाके ओली, मग गळती दिसावी कशी? म्हणून गाडी रात्रभर कोरड्या जागी उभी करावी आणि सकाळी प्रत्येक चाकाची आतली बाजू पाहावी. ब्रेक ऑईलची पातळी कमी झालेली असेल, तर नुसती भर घालू नये. ते गेले कुठे, हे शोधावे.

हे ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ होते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, उघडा राहिलेला डबा वापरू नये, आणि त्याच्या जागी इंजिनचे तेल कधीही घालू नये. त्याने आतले रबर फुगते. घाटात उतरताना खालचा गिअर ठेवावा.

गुरुजनांना एक विनंती. सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या एका नळीने जोडा आणि त्यांत पाणी भरा. एक दाबली की दुसरी लगेच सरकते. आता नळीत हवेचा बुडबुडा राहू द्या. दाब दिला तरी हवाच आकसते आणि दुसरी पिचकारी मागे राहते. पास्कलचा नियम आणि मऊ पेडलाचे कारण, दोन्ही मुलांना एकाच तासात समजतील. घरी जाऊन ती वडिलांना विचारतील, “आपल्या गाडीचं पेडल कसं लागतं?”

पोती भरण्यापूर्वी त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ असू द्या. बाजार थोडा उशिरा गाठला, तर भावात चार पैसे कमी येतील. ते पुढच्या तोडणीला भरून निघतील. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलाचे तसे नाही.