दुखण्याची नोंद शिवारापासून



धामणगाव रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांची ही परिषद भरली, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांच्या कंबरेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल आपण दिवसभर बोललो, ती माणसं इथल्याच शिवारात राबतात. रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन या तिन्हींत माझं आयुष्य गेलं. त्यातून मला पटलेली एकच गोष्ट आज सांगतो: जुनाट दुखण्याचा अभ्यास रुग्णाच्या कामापासून सुरू व्हायला हवा.

कापूस वेचणारी बाई डोळ्यांसमोर आणा. कमरेला ओटी बांधलेली. कापूस भरत जातो तसं वजन कंबर पुढे ओढतं आणि त्याच अवस्थेत पऱ्हाटीच्या तळाची बोंडं वेचायला ती पुन्हा पुन्हा वाकते. मजुरी किलोवर, म्हणून पाठ टेकायची सोय नाही. दवाखान्यात मात्र ती ‘कंबर दुखते’ एवढंच सांगते. एक्स-रेच्या फोटोत तिचा दिवस दिसत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगत आलो, की मावशींना आधी विचारा, ‘वेचता कशा, ते दाखवा.’ उठताना हात मांडीवर टेकतो का, श्वास रोखला जातो का, हे बघा. ताप, घटतं वजन, लघवीवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधोमध बधिरपणा यांची विचारपूस झाल्याशिवाय मणक्याला हात लावू नका. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे, हे विसरून चालणार नाही.

आता मणक्यावरच्या हाताच्या उपचारांबद्दल. हाताने मणका बसवण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धत 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. हाडवैद्याची परंपरा तर आपल्या गावोगावी होतीच. हाताच्या उपचारात गुण आहे, पण त्याची जागा ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, मानसिक आधाराचे उपचार यांच्या जोडीला मणक्यावरचे हाताचे उपचारही आहेत. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूवर्गातली औषधं मात्र नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असं त्या सूचना सांगतात. आपल्या दवाखान्यांत आजही पट्टा आणि ट्रॅक्शन सर्रास लिहून दिलं जातं. हे बदलायलाच हवं.

संशोधन म्हटलं की मोठं रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. भिगवणचं उदाहरण वेगळं सांगतं. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी शंभरात सुमारे 18 जणांनी दुखणं असल्याचं सांगितलं. संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार मात्र हजारात पाचेक जणांनाच होता. म्हणजे बहुतेकांचं दुखणं मोठ्या नावाच्या आजाराचं नव्हतं, तरी ते दुखतच होतं. गाव समोर ठेवून विचारलं, म्हणूनच हे कळलं.

वऱ्हाडातल्या कापूसवेचणीचं, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्यांचं आणि जिनिंगमधल्या हमालांचं असं चित्र आपण उभं करू शकतो. त्याला मोठा निधी लागत नाही. रुग्णामागे एक पान ठेवा. काम कोणतं, दुखणं किती महिन्यांचं, झोप लागते का, कोणतं काम सुटलं, हे त्यावर लिहा. रुग्णाची परवानगी घ्या, नाव वेगळं जपा. तीन महिन्यांनी पुन्हा गाठ घ्या आणि ‘बरं वाटतं का’ एवढ्यावर न थांबता ‘वेचणीला जाता का’ असंही विचारा. उपचार उपयोगी पडला की नाही, याचं खरं उत्तर तिथे मिळेल. हीच पानं उद्या वर्गात शिकवायला घ्या.

माझं आवाहन साधं आहे. येत्या वेचणीच्या हंगामात प्रत्येकाने ही पानं भरायला सुरुवात करावी आणि पुढच्या परिषदेला येताना ती सोबत आणावीत. आपली भाषणं कमी झाली तरी चालतील, पण नोंदी वाढल्या पाहिजेत.