कर्करोग आणि प्रकाशणारे कण

(ग्वाल्हेर येथे महाराज बाड्यानजीक भरलेल्या मराठी भाषकांच्या सभेत आमच्या विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर वाचकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.)



प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी शास्त्रज्ञ नव्हे. मराठी साहित्य घेऊन मी पदवी घेतली आणि गेली कित्येक वर्षे शासकीय प्रसिद्धीचे काम करीत आहे. अशा माणसाने रसायनशास्त्रावर आणि तेही कर्करोगासारख्या विषयावर का बोलावे, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका संशोधनाविषयीचे प्रसिद्धीपत्रक मी तयार केले. अत्यंत सूक्ष्म कणांच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशी नष्ट करता आल्या, असा त्याचा आशय होता. मथळा मी दिला : 'कर्करोगावर नवे औषध'. बातमी सर्वत्र छापून आली. आठ-दहा दिवसांनी धोतर-सदऱ्यातले एक वयस्क शेतकरी माझ्या कार्यालयात आले. हातात वर्तमानपत्राचे कात्रण आणि पिशवीत पत्नीच्या तपासण्यांचे कागद. ''साहेब, हे औषध कुठं मिळतं तेवढं सांगा,'' एवढेच ते म्हणाले. मी मूळ निबंध काढून वाचू लागलो आणि मला घाम फुटला. तो प्रयोग काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवरचा होता. माणूस दूरच, उंदरावरही तो झालेला नव्हता. शेतकऱ्यांनी पत्नीचे चालू उपचार पंधरा दिवस थांबविले होते, नव्या औषधाची वाट पाहत.

त्या दिवसापासून हा विषय मी मिळेल तेथून शिकत आलो. त्यातले जे समजले तेवढेच आज सांगतो.

सभेला येण्यापूर्वी मी बाड्यावर एक फेरी मारली. टाऊन हॉल, टपाल कचेरी, स्टेट बँकेची इमारत, व्हिक्टोरिया मार्केट, सारे डोळे भरून पाहिले. आजच्या विषयाची सुरुवात त्या बँकेच्या खिडकीपासूनच करता येईल. नोट खरी की खोटी हे पाहण्यासाठी रोखपाल ती एका जांभळट दिव्याखाली धरतो. खऱ्या नोटेतील काही तंतू आणि तिचा क्रमांक त्या दिव्याखाली चमकू लागतात. दिव्यातून येणारे जंबुपार किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. नोटेवरील द्रव्य ते किरण शोषून घेते आणि त्यांच्या बदल्यात दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. या गुणधर्माला अनुदीप्ती म्हणतात; इंग्रजी नाव फ्लुओरेसन्स. आपल्या घरच्या नळीच्या दिव्यात आतून लावलेली पांढरी पूड हेच काम करते. माझ्या वयाच्या मंडळींना टिनोपाल आठवत असेल. धुतलेल्या सदऱ्याला उन्हात जी निळसर शुभ्रता येई, ती मळ निघाल्यामुळे नव्हे, तर कपड्याला चिकटलेल्या अनुदीप्त द्रव्यामुळे येत असे. धुलाईच्या पुडींत तशी द्रव्ये आजही घालतात.

या गुणधर्माला नाव मिळाले ते एका दगडावरून. आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स याने १८५२ मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून हा शब्द बनविला. बाड्यावरील व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीत २०२४ साली भूविज्ञानाचे संग्रहालय सुरू झाले आहे. शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे आणि दगडाचा व दवाखान्याचा संबंध कसा जुळतो हे त्यांना सांगावे, असे मला सुचवावेसे वाटते.

तो संबंध असा. कर्करोगाची गाठ काढताना शस्त्रवैद्यापुढे मोठी अडचण असते. रोगट भाग कोठे संपतो आणि निरोगी भाग कोठे सुरू होतो, हे डोळ्यांना नीट दिसत नाही. कमी कापले तर रोग मागे राहतो. जास्त कापले तर चांगला अवयव जातो. मेंदूत तर बोटभर जागेत माणसाची वाचा असते. अशा वेळी रोगट भागच प्रकाशू लागला तर? ही कल्पना आता कल्पना राहिलेली नाही. मेंदूच्या काही गाठींच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला एक द्रावण प्यावयास देतात. गाठीतील पेशी त्याचे रूपांतर अशा द्रव्यात करतात की निळ्या प्रकाशाखाली गाठ गुलाबी-लाल दिसू लागते. अमेरिकेत या द्रावणाला २०१७ साली मान्यता मिळाली. इंडोसायनीन ग्रीन नावाचे एक हिरवे रंगद्रव्य तर १९५९ पासून वैद्यकात आहे. त्याची अनुदीप्ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही, विशेष कॅमेऱ्याला दिसते. गाठीजवळ टोचून त्याचा माग काढीत रसग्रंथी शोधतात. आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांतही त्याचा वापर होतो.

आता सूक्ष्म कणांकडे वळू. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. मराठीत आपण अब्जांश म्हणू. आपला केस ऐंशी हजार ते एक लाख अब्जांश जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात हजार अब्जांश रुंद असते. औषधाचे जे कण बनवितात ते बहुधा दहापासून दोनशे अब्जांशांपर्यंतचे. एवढ्या लहान आकारात पदार्थाचे वागणेच बदलते. कॅडमियम सेलेनाइडचा दोन-तीन अब्जांशांचा कण निळा प्रकाश देतो. त्याच पदार्थाचा सहा अब्जांशांचा कण तांबडा. पदार्थ तोच, केवळ आकारमान निराळे. या कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र कॅडमियम विषारी आहे. म्हणून असे कण शरीरात घालण्याऐवजी रसायनशास्त्रज्ञ कार्बन, सोने किंवा मेद यांचे कण शोधीत असतात.

या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो आपल्या शेतकरी बांधवांना विशेष जवळचा वाटेल असा आहे. पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे. तेथे डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी या शतकाच्या आरंभी एक वेगळीच वाट धरली. अब्जांश कण बनविण्यासाठी तीव्र रसायने वापरण्याऐवजी त्यांनी बुरशीला कामाला लावले. हरभऱ्याचे उभे पीक मर रोगाने वाळलेले आपण पाहिले असेल. तो रोग फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या जातीच्या बुरशीने होतो. त्याच जातीच्या बुरशीकडून त्यांनी कॅडमियम सल्फाइडचे अब्जांश कण बनवून घेतले आणि २००२ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. कॅडमियम सल्फाइड हेही प्रकाशणाऱ्या कणांच्याच कुळातले. शेताची वैरी असलेली बुरशी प्रयोगशाळेत कारागीर झाली, याचे मला आजही नवल वाटते.

पुढे २००४ साली याच मंडळींचा एक निबंध 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात आला. आपल्या परसातील गवती चहाच्या कुळातल्या गवताची पाने उकळून काढलेला अर्क त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. त्यातून सोन्याचे सूक्ष्म, चपटे, त्रिकोणी कण तयार झाले. गंमत अशी की हे त्रिकोण अवरक्त किरण शोषतात. अवरक्त किरण त्वचेतून काही अंतरापर्यंत आत जाऊ शकतात. सोन्याचा कण ते शोषून तापतो. तो गाठीत पोचलेला असेल तर गाठीच्या पेशी उष्णतेने मराव्यात, हा त्यामागचा विचार. कोणी कृपा करून असा अर्थ काढू नये की गवती चहा प्याल्याने कर्करोग बरा होतो. सोन्याचे भस्म खाल्ल्यानेही होत नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना काय होते ते मी पाहिले आहे.

हा विचार मुंबईकडे आणखी एक पायरी पुढे गेला. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था यांतील शास्त्रज्ञांनी मेदाच्या सूक्ष्म पुटिकांवर सोन्याचा मुलामा देऊन कण बनविले. उंदरांच्या गाठींत ते घालून त्यांवर अवरक्त किरण टाकले आणि गाठी मारता आल्या. तो निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. काम झाल्यावर या कणांचे पुढे काय होते, हेही त्यांनी पाहिले. कण फुटून बारीक होतात आणि यकृत व मूत्रपिंड यांच्या वाटेने शरीराबाहेर पडतात, असे त्यांना आढळले. शरीरात घातलेली वस्तू बाहेर कशी येणार, हा प्रश्न आपण सामान्य माणसे विचारीत नाही, विचारायला हवा.

पण हे सारे उंदरांत. माणसापर्यंत पोचलेले अब्जांश औषध आहे की नाही? आहे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील जुने औषध. ते प्रभावी आहे, पण हृदयाला इजा करते. ते मेदाच्या सूक्ष्म पुटिकेत भरून देण्याची रीत १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. त्यामुळे हृदयावरचा भार कमी होतो. योगायोग असा की हे औषध स्वतःच अनुदीप्त आहे. योग्य प्रकाश टाकला की नारिंगी-तांबडे चमकते, त्यामुळे ते पेशीच्या कोणत्या भागात शिरले हे संशोधकाला सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहता येते.

आणि एकदा पाहता येऊ लागले की कटू सत्यही दिसते. गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात, म्हणून सूक्ष्म कण आपोआप गाठीत साचतील, असे जपानमधील संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले होते. त्या आशेवर जगभर शेकडो प्रयोग झाले. २०१६ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत किती पोचतात? मध्यमान निघाले ०.७ टक्के. हजार कणांमागे सात! उरलेले बहुतेक यकृतात आणि प्लीहेत अडकतात. हा आकडा ऐकून काहींना निराशा वाटेल. मला तसे वाटत नाही. हजारातील सातच पोचतात हे कळणे म्हणजे पुढचे काम कोठे आहे ते कळणे. मात्र असा आकडा प्रसिद्धीपत्रकात कधीच येत नाही. माझ्याही पत्रकात आला नव्हता.

येथे हळदीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हळदीतील कुर्कुमिन हे द्रव्यही अनुदीप्त आहे. त्याचे पेशींवरील परिणाम पुष्कळ अभ्यासले गेले आहेत. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडे जाते. म्हणूनच त्याचे अब्जांश कण करण्याचे प्रयत्न चालतात. हळद-कडुनिंबाने आणि पथ्याने कर्करोग हटविल्याचा दावा २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये देशभर गाजला. तेव्हा टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी पत्रक काढून सांगितले की अशा दाव्यांना पुरावा नाही. रुग्णांनी उपचार लांबवू नयेत. हळद स्वयंपाकघरात असावी, जखमेवर असावी. गाठ आली असता तिच्या भरवशावर राहू नये.

भारतात २०२२ या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्यांतील कितीतरी उशिरा पोचलेले. अब्जांश कण येतील तेव्हा येतील. पण रोग डोळ्यांना दिसावा यासाठी आजही एक साधन हाताशी आहे आणि ते शिरक्याइतके स्वस्त आहे. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास १९९८ मध्ये सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना शिकवून तयार केले. शिरक्यात असते ते सौम्य आम्ल गर्भाशयमुखाला लावले की रोगाकडे झुकलेला भाग पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी अशी तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. त्यात सोने नाही, किरण नाहीत, नोबेल पारितोषिक नाही. मला स्वतःला त्या आरोग्यसेविकांचे काम पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतील कामाइतकेच मोठे वाटते. तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी शासकीय आरोग्य केंद्रांतून करण्याचा कार्यक्रम आहे. तंबाखू खाणाऱ्याने तर आरशासमोर उभे राहून तोंड उघडून पाहावे. पांढरा वा तांबडा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही आढळले तर दुसऱ्या दिवशी केंद्रावर जावे.

त्या शेतकऱ्यांना मी त्या दिवशी खरे ते सांगितले. मथळा माझा होता, हेही सांगितले. ते रागावले नाहीत. ''म्हणजे अजून व्हायचंय,'' एवढे म्हणून त्यांनी कागद पिशवीत घातले. मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो आणि थांबलेले उपचार पुन्हा सुरू झाले.

तेव्हापासून आमच्याकडून संशोधनाची जी बातमी जाते तिच्या पहिल्याच वाक्यात प्रयोग कशावर झाला ते लिहितो : पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर किती जणांवर. वार्ताहर मित्र कुरकुरतात, बातमीतली जान गेली म्हणतात. शिक्षकांनीही वर्गात वर्तमानपत्र वाचताना मुलांना हाच प्रश्न विचारावयास लावावा.

माझा वेळ संपला आहे. आपल्यापैकी कोणाला काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे. ज्याचे उत्तर मला देता येणार नाही, ते मी लिहून घेऊन जाणकारांना विचारीन आणि पत्राने कळवीन.