पायाखालचे नगर

(जयसिंगपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जयसिंगपुरात उभे राहून भुयारांविषयी बोलणे थोडे विजोडच. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने वसवलेले हे आखीव नगर. गल्ल्यांना क्रमांक, रस्ते काटकोनात. परंतु आपली मुले शिक्षणाला आणि नोकरीला जातात ती पुण्यास, आणि दर्शनाला आपण जातो ते करवीर क्षेत्री. त्या नगरांच्या उदरात काय आहे, हे ठाऊक असलेले बरे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले. त्याला ‘नळ’ म्हणतात, पण डोळ्यांसमोर लोखंडी नळ आणू नका. तो जमिनीखालचा बांधीव, बंदिस्त मार्ग होता. पंप नाही, इंधन नाही. केवळ उताराच्या अचूक हिशेबावर पाणी कोसभर नव्हे, कित्येक कोस वाहत आले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून हवा निसटे आणि उतरून गाळही काढता येई. पेठांमधल्या हौदांवर सामान्य माणसाची घागर भरे. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावाहून आणि सरदार रास्त्यांनी कोंढव्याहून स्वतंत्र नळ आणले. शिवाय वाड्यावाड्यांत आड, विहिरी, तळघरे होतीच. ज्यांनी हे बांधले त्यांना ते कोठे आहे हे माहीत होते. प्रश्न आपला आहे.

दि. २० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, महापालिकेचा मैलावाहिन्या साफ करणारा अवजड ट्रक बघता बघता जमिनीत गडप झाला. चालक वाचला, हे दैव. तेथे पूर्वी विहीर होती, ती झाकून वर फरसबंदी केलेली होती, असे पुढे सांगण्यात आले. त्यानंतर नवव्या दिवशी, २९ सप्टेंबरला, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला. तो याच जुन्या पेठांखालून जातो. दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही, आणि उतावीळपणे कोणी जोडूही नये. परंतु एकाच गावाच्या पोटात तीन शतकांची बांधकामे शेजारी शेजारी नांदत आहेत, हे त्या आठवड्यात सर्वांना दिसले. त्याआधी २०१९ मध्ये स्वारगेट स्थानकाच्या खोदाईतही जुना भुयारी मार्ग अवचित लागला होता. ‘अवचित’ हाच शब्द मला खटकतो.

पोकळी आपणहून सहसा ढासळत नाही. नीट बांधलेली कमान शतकानुशतके भार पेलते. तिचा वैरी आहे वाट चुकलेले पाणी. जलवाहिनी फुटते, गटार झिरपते, आणि भोवतालची बारीक माती त्या पाण्याबरोबर पोकळीत उतरू लागते. वरची फरशी जागच्या जागी राहते, तिच्याखालचा आधार मात्र इंचाइंचाने जातो. मग एखादे जड चाक त्या जागी येते. दुसरा प्रकार याहून फसवा. इमारतीच्या पायासाठी खोदताना जुना नळ मध्येच तोडला जातो. पाणी थांबत नाही, ते शेजाऱ्याच्या पायाखाली शिरते.

कोलकात्याच्या बहूबाजारात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मेट्रोचे भुयार खणणारे यंत्र पाण्याच्या थराला भिडले आणि वरची जुनी घरे तडकली, कोसळली. जर्मनीतील कोलोन येथे ३ मार्च २००९ रोजी मेट्रोच्या कामालगतचे नगर-अभिलेखागार खचले. दोघे मृत्युमुखी पडले आणि हजार वर्षांचे दप्तर मातीत गेले. प्रगत देशांत असे घडत नाही, हा समज सोडलेला बरा.

पॅरिसने मात्र एक शहाणपण दाखवले. शहर उभारायला लागलेला दगड पूर्वी तेथल्याच भूगर्भातून काढलेला. डिसेंबर १७७४ मध्ये एक रस्ता खाणीत कोसळला. १७७७ साली राजाने खाणींच्या तपासणीसाठी स्वतंत्र कचेरी स्थापिली. ग्योमो नावाच्या वास्तुशिल्पीने भुयारे मोजली, आधारभिंती उभारल्या, नकाशे काढवले. राज्यक्रांती झाली, राजे गेले, दोन महायुद्धे झाली, कचेरी टिकली. आजही तेथे अशा भागात बांधकाम करणाऱ्याला तिची माहिती विचारात घ्यावी लागते. अशी कचेरी आपल्याकडे मी तरी पाहिलेली नाही. आपल्याकडे नळाचा अभ्यास करणारे इतिहासप्रेमी एकीकडे आणि बांधकाम परवान्यावर शिक्का मारणारा दुसरीकडे. दोघांची गाठ पडते ती दुर्घटनेनंतर.

कोल्हापूरचेच पाहा. श्री अंबाबाईच्या प्रांगणातील मणिकर्णिका कुंड गेल्या शतकात बुजवले गेले. अलीकडे उत्खनन होऊन ते पुन्हा उजेडात आले. तीर्थ नाहीसे होण्याचे दुःख भाविकांना होतेच. पण बुजवलेल्या कुंडावर, भर गर्दीच्या जागी, आपण अर्धशतकाहून अधिक काळ निर्धास्त वावरत होतो, हेही ध्यानी घ्यावे. ‘पाण्याचा खजिना’ हे तेथील वस्तीचे नाव आपण रोज उच्चारतो. नावातच जलव्यवस्थेची खूण आहे. तिकडे पाहायला सवड कोणाला?

अशी नावे, वृद्धांच्या आठवणी, वाड्यांचे जुने कागद गोळा करायला फार खर्च येत नाही. जमिनीत लहरी सोडून पोकळी शोधणारी रडार यंत्रेही आता आहेत. पण कोठे शोधायचे, हे आधी कोणीतरी सांगावे लागते.

तुमच्या नव्या गावातही घरोघरचे आड आता झाकले जात आहेत. वर स्लॅब, स्लॅबवर मोटार. ज्याने आड झाकला त्याला जागा ठाऊक आहे. घर विकले जाईल, नवा मालक येईल, तेव्हा त्याच्या हातात पडणाऱ्या कागदांत त्या आडाची एक ओळ असेल का, एवढे आज घरी गेल्यावर तपासून पाहा.