मागच्या सीटचा टेकू

चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये खरा मान मागच्या सीटला. पण दिघीतून आळंदीमार्गे त्याच चाकणला शिफ्टसाठी निघालेल्या साध्या गाडीत कंबर धरते ती मागच्यांचीच. अनेक गाड्यांत मागची बैठक आखूड आणि खाली असते; मांड्या अधांतरी राहतात, सगळा भार माकडहाडावर येतो.

उपाय सीटकव्हरवाल्याकडे आहे. बैठकीच्या पुढच्या कडेला, कव्हरच्या आतून, इंचभर घट्ट फोम भरून घ्या. मऊ नको, तो लवकर दबतो. जास्त उंचीचा हट्टही नको. उंच माणसाचं डोकं छताला लागतं. सीटबेल्टची बकलं नव्या कव्हरखाली गडप होऊ देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) नुसार मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे.

रेक्झिन दिसतं झकास, पण वैशाखात पाठ भिजते. कापडी कव्हर बरं.

आणि हो, फोमवर पैसे घालण्याआधी टायरची हवा बघा. टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते तेवढीच. जास्त भरली, तर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाणवतो.