कचेरीतील मन आणि श्वासाचे भान
(सुरत येथील महाजन-कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



श्रींच्या उत्सवास आपण गावी जातो, देवळाच्या चौकात पाऊल टाकतो आणि मन निवते. परंतु उत्सव वर्षातून एकदा. कचेरी मात्र रोजची. म्हणून नोकरदार माणसाच्या मनःस्वास्थ्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

सुरत हे कारकुनांचे जुने शहर. ईस्ट इंडिया कंपनीला १६१३ साली येथे वखारीची परवानगी मिळाली. तिच्या कनिष्ठ नोकरांना ‘रायटर’, म्हणजे लेखनिक, म्हणत. टाक-दौत जाऊन संगणक आला, तरी मुदतीची धास्ती आणि वरिष्ठांच्या नाराजीचे भय तेच राहिले. शिवाय मोबाईलमुळे कचेरी घरात शिरली. देह पानावर बसलेला आणि मन अपुऱ्या ताळेबंदात. त्याची चिडचिड मुलाबाळांवर निघते.

यावर ध्यानाचा उपाय सुचविला की ‘ते संन्याशांचे काम’ असे उत्तर मिळते. अशांनी ऊ बा खिन यांचे चरित्र पाहावे. १८९९ साली रंगूनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. १९३७ साली ते ध्यान शिकू लागले आणि १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. १९५० साली त्यांनी त्याच कचेरीतील नोकरवर्गासाठी विपश्यना मंडळ स्थापिले. अर्धशिशीने गांजलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका १९५५ साली त्यांच्याकडे गेले, आणि १९६९ साली ती विद्या घेऊन भारतात आले. इगतपुरीचे धम्मगिरी हे त्याच परंपरेचे केंद्र.

तेथील दहा दिवसांच्या शिबिराचा आरंभ ‘आनापान’ म्हणजे श्वासाच्या निरीक्षणाने होतो. मुंज झालेल्यांना संध्येतील प्राणायाम ठाऊक आहे. त्यात पूरक, कुंभक, रेचक यांनी आपण श्वासाचे नियमन करतो. आनापानात श्वासाला बांधावयाचे नाही. देवळाच्या दाराशी बसून येणारे-जाणारे नुसते पाहावे, कोणास अडवू नये, तसे नाकपुड्यांशी श्वासाचे येणे-जाणे पाहावे. मन भटकले तर न रागावता परत आणावे. सकाळी दहा मिनिटे एवढे करावे; आणि संतापाने पत्राचे उत्तर लिहिण्यापूर्वी पाच श्वास पाहावेत. जिभेचा व लेखणीचा तोल बराच सावरतो.

मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. श्वास पाहिल्याने टेबलावरील कागदांचा ढीग उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या अशा थकव्याची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, तर वेळीच न आवरलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हणून. तेव्हा दोघांचे काम एकावर लादावयाचे आणि वर ध्यानाचा वर्ग भरवावयाचा, हा न्याय नव्हे. आपल्यापैकी जे मालक वा अधिकारी आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट घरातील. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जीव नकोसा झाला, तर तो आजार आहे. तेथे डॉक्टरच हवा. त्यांना विचारल्यावाचून दीर्घ शिबिरासही जाऊ नये. सोयरीक मोडेल या भयाने असे दुखणे झाकण्याची रीत आपल्या कुटुंबांत आहे. ती आता सोडली पाहिजे. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य ऐकून घेते. निदान तेथे तरी बोलावे.

कुळाचार आपण जपतो, तसेच एकमेकांचे मनही जपावे, एवढे बोलून आणि श्रीचरणी सर्वांचे स्वास्थ्य चिंतून मी आपली रजा घेतो.