कंगवा, कॅसेट आणि दोन बहिणींचा बाळ येशू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय गुरुजन आणि माझ्या वर्गातल्या मुलामुलींनो,

समोर बरेच पिकलेले केस दिसताहेत, काही ठिकाणी तेही दिसत नाहीत, तरी आज मी 'मुलामुलींनो' असंच म्हणणार आहे.

संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू आता लेखिका झालीस, त्यावर दहा मिनिटं बोल." मी वीस वर्षांहून जास्त काळ संगणकाचे प्रोग्राम लिहिते आहे. ते कोणी आवडीने वाचत नाही, बिघडले की मगच उघडून बघतात. त्यात गेल्या वर्षी एक लहानसं पुस्तक निघालं. वसईतल्या घरांमध्ये नाताळच्या ज्या जुन्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्या वस्तूंच्या आणि त्या घरांच्या आठवणींचं. एका पुस्तकाने कोणी लेखिका होत नाही, हे इथे बसलेल्या बाई मला सांगतीलच. पण ते पुस्तक कसं झालं ते सांगण्यासारखं आहे, कारण त्यातली निम्मी माणसं या मांडवात बसली आहेत.

आमच्याकडे दर डिसेंबरला माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली येतो. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे गोळे, जरीच्या माळा, गोठ्यातल्या मेंढ्या आणि एक पिवळा कंगवा असतो. हा कंगवा कधीही कोणाच्या केसांना लागलेला नाही. तो कुलकुलांचा आहे. कणकेची गोळी त्याच्या दातांवर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारख्या रेघा उठतात. माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिने तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला. तिचं काही चुकलं नाही. दात तुटलेला जुना कंगवा कोणीही टाकेल. तो कशाचा आहे हे माहीत असेल तरच तो ठेव, एरवी प्लास्टिकचा तुकडा.

मग मी आमच्या धंद्याच्या सवयीने एक तक्ता केला. वस्तू, कोणी आणली, कधी आणली, आता कोणाकडे आहे, असे चार रकाने. पाचवा रकाना 'इतर माहिती' असा होता. आईला विचारत बसले, तर पहिले चार रकाने दोन-दोन शब्दांत संपले आणि पाचवा काही संपेना. कंगवा आईचा नव्हताच, तो काकूचा. काकू लग्न होऊन आली त्या नाताळात सासूबाईंनी तिला कुलकुल वळायला बसवलं आणि हातात काटा-चमचा दिला. काकूच्या माहेरी कंगव्यावर वळायचे. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने कंगवा आणला आणि एक शब्द न बोलता त्यावर वळून दाखवले. त्यानंतर आमच्या घरात काट्यावर कोणी वळलं नाही. आमच्या घरातलं हे पहिलं यशस्वी बंड म्हणायला हरकत नाही.

ही गोष्ट मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि माझ्या हातातून गेली. चार दिवसांत पंधरा गोष्टी आल्या. नुसत्या ख्रिस्ती घरांतून आल्या नाहीत. एकाने लिहिलं की शेजारच्या घराचा नाताळगोठा दर वर्षी त्याचे वडील बांधून द्यायचे. वडील सुतार. पेंढा शेजाऱ्यांचा, छप्पर यांचं. दुसरीने लिहिलं, त्यांच्याकडे आकाशकंदील करायचे त्याच कामट्या आणि तोच पतंगाचा कागद घेऊन भाऊ नाताळचा तारा करायचा, त्याने फक्त कोनांचा हिशोब बदलला होता. करंजीला आमच्याकडे नेवरी म्हणतात आणि दिवाळीला जो डबा भरून इकडे यायचा तो नाताळला भरून तिकडे जायचा. रिकामा डबा परत करायचा नाही, एवढा एकच नियम. गोठ्यासमोरची हिरवळ म्हणून आम्ही पंधरा दिवस आधी ताटलीत नाचणी पेरायचो, तर एकीची आई म्हणाली, "अगं, हे तर आमचं घटातलं धान्य!"

तर ख्रिस्ती घरांचं म्हणून सुरू झालेलं पुस्तक असं सगळ्या आळीचं झालं.

आता जरा आपल्या शाळेत शिकलेलं सांगते. बाईंनी आपल्याला लक्ष्मीबाई टिळकांविषयी सांगितलं होतं. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले. त्यांचं चरित्र लिहायचं म्हणून मुलाने, देवदत्तांनी, आईला आठवणी लिहून द्यायला सांगितल्या. म्हणजे बाईंचं काम काय, तर कच्चा माल पुरवायचा. त्यातून १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' आली आणि मराठीतल्या थोर आत्मचरित्रांमध्ये जाऊन बसली. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, तेही लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. एका घरात कोण लेखक आणि कोण माहिती पुरवणारं हे आधी ठरवता येत नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

त्याहून जुनी गोष्ट 'ख्रिस्तपुराणा'ची. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. गोव्यात येऊन मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध पुराण रचलं. ते १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. त्या छपाईची एकही प्रत आज मिळत नाही. मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. ज्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत अशा माणसांनी रात्री दिव्याशी बसून हजारो ओव्या लिहून काढल्या, म्हणून ते पुस्तक आपल्यापर्यंत आलं.

आणि उलटं उदाहरणही आपल्या वसईचंच आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा बाहेर गेल्या. वाईजवळ मेणवलीला, घाटावर, त्यांतली एक टांगलेली आहे. तिच्यावर मरियामाता, बाळ येशू आणि १७०७ हे साल आहे. मी ती बघून आले. ठणठणीत आहे. पण ती नाताळच्या मध्यरात्री कोणत्या चर्चमध्ये वाजत होती, दोर कोण ओढायचं, ती गेल्यावर पहिल्या नाताळाला लोकांनी काय केलं, यातलं काहीही तिच्यावर लिहिलेलं नाही. वस्तू तीनशे वर्षं टिकली, तिची माणसं टिकली नाहीत.

आता त्या दोन गोष्टी, ज्यांनी मला लेखकाचं काम शिकवलं. नावं सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आपल्या वर्गातल्या एकाचे वडील बोटीवर होते. नाताळला घरी येता येत नसे, म्हणून एका वर्षी त्यांनी कॅसेट भरून पाठवली. आई ती दर नाताळला लावायची. वडील गेल्यावर लावणं बंद झालं. पुढे टेपरेकॉर्डरही गेला. कॅसेट कपाटात, लुगड्यांच्या घडीत राहिली. माझ्याकडे आली तेव्हा फितीवर बुरशी होती. अशी फीत दहा वेळा वाजवून बघता येत नाही. आधी साफ करायची, पेन्सिलीने हळूहळू गुंडाळायची आणि पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्यायची. चालू टेपरेकॉर्डर आपल्याच वर्गातल्या, वीजदुरुस्तीचं दुकान असलेल्या मित्राने दिला.

आवाज आला. इंजिनाची घरघर, आणि त्यावर एक तरुण माणूस सांगतो आहे की तारा चिंचेवर बांधा, विजेच्या खांबावर नको. मुलाला सांगतो आहे, गोठ्याला राखण कर, मध्यरात्रीच्या मिस्सेआधी बाळ ठेवू देऊ नकोस. आपला मित्र ऐकत होता. टेपमधला बाप त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होता. शेवटची दोन मिनिटं तो बायकोशी बोलतो. त्या मावशी सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाल्या, "हे माझं आहे."

ते पुस्तकात नाही. गोष्ट तिथवरच छापली आहे. काही वाचकांनी विचारलं, पुढे काय बोलले ते? मी सांगते, मलाही माहीत नाही, मी यंत्र चालू ठेवून खोलीबाहेर गेले होते. त्या दिवसापासून माझा नियम झाला. जिची गोष्ट, तिला पहिल्यांदा वाचून दाखवायची. ती म्हणेल तिथे पूर्णविराम.

दुसरी गोष्ट दोन बहिणींची. वाटणीनंतर बोलणं बंद. घरातला जुना नाताळगोठाही वाटला गेला. थोरलीकडे बाळ येशू, धाकटीकडे गव्हाण. थोरलीच्या घरी बाळ नव्या गव्हाणीत निजतं, धाकटीच्या घरी जुन्या गव्हाणीत नवं बाळ. दोघींनी मला वेगवेगळं बोलावून त्या बाळाची गोष्ट सांगितली. थोरली म्हणते, आईने वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेतून आणलं. धाकटी म्हणते, बाबांना एका गोवेकर मित्राने दिलं. दोघींना शंभर टक्के खात्री.

आमच्या कामात एकच फाइल दहा जण लिहितात. दोघांनी एकाच ओळीत वेगळं लिहिलं की यंत्रणा थांबते, दोन्ही ओळी एकाखाली एक दाखवते आणि विचारते, यातली कोणती ठेवू? निवड माणसाला करावी लागते, त्याशिवाय काम पुढे जात नाही. घराच्या आठवणींना हा नियम लावायचं कारण नाही. मी दोन्ही गोष्टी समोरासमोरच्या पानांवर छापल्या, सारख्याच लांबीच्या. ओळी मोजून.

दोघींनी पाच-पाच प्रती घेतल्या. बोलणं अजून सुरू झालेलं नाही. पण धाकटीने मला एकदा विचारलं, "तिने जत्रेचं लिहिलंय ना, त्या दिवशी आईच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, विचारशील तिला?" मी विचारलं. उत्तर आलं, आणि उत्तराबरोबर एक उलटा प्रश्नही आला. आता मी त्या दोघींची टपालवाली आहे. लेखिका होण्याचा एवढा मोठा उपयोग असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

लोकांची बोली तशीच ठेवायची की प्रमाण मराठीत आणायची, हे विचारायला मी बाईंकडे गेले होते. ज्या बाईंनी आपल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी वह्या लाल केल्या, त्या म्हणाल्या, "तुझं निवेदन शुद्ध लिही, त्यांचं बोलणं त्यांच्याच तोंडात राहू दे." आणि वर सांगितलं, "नाताळ, पाव, चावी, पगार, घमेलं, हे सगळे पोर्तुगिजांकडून आलेलेच शब्द आहेत. त्यांना कोणी शुद्ध करायला बसलं होतं का?"

आपल्या भागातली घाई तुम्हाला दिसते आहेच. केळीच्या वाड्या जाऊन इमारती आल्या, माळा असलेली घरं कमी झाली. फ्लॅटमध्ये माळा नसतो, मग डब्याचं काय करायचं हा प्रश्न येतो. मुलं परदेशात आहेत. पुस्तकासाठी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या तिघीजणी पुस्तक हातात पडायच्या आत गेल्या. त्यांच्या मुलांनी नाताळला ती पानं वाचली.

म्हणून एक गृहपाठ देते. शिक्षकांसमोर गृहपाठ द्यायची संधी पुन्हा मिळणार नाही. या दिवाळीला, ईदला, नाताळला घरातली एक वस्तू निवडा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर ती ठेवा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तीन प्रश्न विचारा. ही कोणी आणली? ही कोण वापरायचं? हिच्यावरून कधी भांडण झालं होतं का? तिसऱ्या प्रश्नाला खरी गोष्ट निघते. मग ती लिहून काढा, त्यांना वाचून दाखवा, त्या वस्तूच्या डब्यात कागद ठेवा. माहिती जपण्याचा आमचा साधा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारांच्या, एक घराबाहेर. एक कागदावर, एक संगणकात आणि तिसरी बहिणीकडे, वर्गमित्राकडे, शेजारी. बहिणीशी बोलणं नसेल तर माझ्याकडे द्या, मी पोचवीन.

आमचा कंगवा आता एका पाकिटात असतो. पाकिटावर मुलीच्या अक्षरात लिहिलं आहे, 'केसांसाठी नाही. काकूआजीला विचारा.' काकू शहाऐंशीची आहे. तिला विचारायला या, आणि लवकर या.